चिलखती समुद्री सस्तन प्राणी: माझा ‘खडप्या’ पाण्यात तगेल काय?

सागरगोटा (धागाकर्ता)

येत्या दिवाळी अंकासाठी मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत असून तिच्या केंद्रस्थानी एक काल्पनिक प्राणी आहे. प्राणी कल्पनेतला असला तरी त्याचे शरीर खरे वाटले पाहिजे, असा माझा हट्ट आहे. म्हणून कथा संपादकांकडे पाठवण्यापूर्वी येथील जाणकारांनी त्याची हाडे ठोकून-वाजवून पाहावीत, ही विनंती.

देवमासे, सील आणि समुद्रगायी ही समुद्रात उतरलेल्या सस्तन प्राण्यांची तीन मोठी घराणी. त्यांतील एकानेही अंगावर हाडांचे कवच बाळगलेले नाही. कासवांनी मात्र आपली पाठ समुद्रातही सोडली नाही. मग एखादा सस्तन प्राणी चिलखतासह समुद्रात का गेला नसावा, आणि गेला असता तर त्याचे रोजचे जगणे कसे असते, या विचारातून कथा सुचली.

पूर्वज म्हणून प्रथम मी आपल्या कोकणातल्या खवल्या मांजराचा विचार केला होता. ते पोहते चांगले. परंतु त्याचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात, त्याच्या तोंडात एकही दात नसतो आणि आहार सर्वस्वी मुंग्या व वाळवीचा असतो. त्यामुळे तो नाद सोडून मी दक्षिण अमेरिकेतील आर्माडिलोकडे वळलो. त्याच्या त्वचेत खऱ्या हाडांच्या पट्टिका असतात आणि त्यांवर केराटिनचा थर असतो. शिवाय नऊपट्टी आर्माडिलो सुमारे सहा मिनिटे श्वास रोखून ओढ्याच्या तळावरून चालत जाऊ शकतो, किंवा पोट व आतड्यांत हवा गिळून पृष्ठभागावर तरंगतही पलीकडे जातो, हे वाचल्यावर माझी निवड पक्की झाली. नाव मराठीच हवे होते. ज्याला खवले तो खवल्या, तसा जो खडपासारखा (किनाऱ्यावरच्या खडकासारखा) दिसतो आणि खडपांतच राहतो तो ‘खडप्या’.

सध्याचे वर्णन असे आहे. लांबी दोन मीटर, वजन १२० किलो. पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत हाडांचे कवच, त्यात मधोमध लवचीक पट्टे. पाय वल्ह्यांसारखे. तो १०० मीटर खोल बुडी मारतो, तळावरचे शिंपले दाढांनी फोडून खातो आणि शार्क आल्यास अंगाची गुंडाळी करून तळाशी पडून राहतो. त्याचे वास्तव्य ॲमेझॉनच्या मुखाच्या पूर्वेस, ब्राझीलच्या मारान्याव किनाऱ्यावर दाखवले आहे, जेथे खारफुटी दाट आहे आणि भरती-ओहोटीतील अंतर काही ठिकाणी सात मीटरपर्यंत जाते. यातले काय टिकेल आणि काय टाकून द्यावे लागेल?

अस्थिसंग्राहक

सागरगोटा, आपला खडप्या मला आवडला, परंतु आपण सांगितल्याप्रमाणे तो पाण्यात सोडला तर पहिल्याच मिनिटाला उताणा होईल. कसे ते पुढे सांगतो. त्याआधी पूर्वजाच्या निवडीबद्दल आपले अभिनंदन करतो, कारण या निवडीला जीवाश्मांचा भक्कम आधार आहे आणि तो बहुधा आपल्या लक्षात आलेला नाही.

आर्माडिलो आणि स्लॉथ (झाडांना उलटे लटकणारे संथ प्राणी) हे एकाच मोठ्या गणगोतातले आहेत, आणि या गणगोतातला एक प्राणी खरोखरच समुद्रात उतरला होता. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावरील पिस्को येथील थरांमध्ये ‘थॅलासॉक्नस’ नावाच्या समुद्री स्लॉथचे सांगाडे सापडले असून त्याचे पहिले वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मायोसीन कालखंडाच्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) उत्तरार्धापासून त्यानंतरच्या प्लायोसीनपर्यंत त्याच्या पाच जाती एकापाठोपाठ आल्या असे मानले जाते. यातील सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, जसजशी जात नवी तसतशी तिची हाडे अधिक भरीव होत गेलेली दिसतात. जुन्या जातींच्या दातांवर वाळूचे ओरखडे आहेत, म्हणजे त्या लाटा फुटतात तेथेच चरत असाव्यात. पुढच्या जाती अधिक खोल पाण्यात जाऊन तळावरच्या वनस्पती खाऊ लागल्या.

हाडे भरीव होण्याचा हा प्रकार एकट्या स्लॉथपुरता नाही. ड्यूगाँग आणि मॅनाटी या समुद्रगायींच्या बरगड्या जाड व भरीव असतात. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट परिसरात सापडलेला आणि देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग मानला गेलेला ‘इंडोह्यस’ हा मांजराएवढा प्राणी घ्या. २००७ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्याही पायांच्या हाडांच्या भिंती नेहमीपेक्षा जाड आढळल्या. उथळ पाण्यात शिरणाऱ्या सस्तन प्राण्यापुढचा पहिला प्रश्न बुडण्याचा नसतो, तळाशी राहण्याचा असतो, कारण छातीतली हवा त्याला सतत वर ढकलत असते. तेव्हा आपल्या खडप्याने चिलखत सोबत का ठेवले, याचे उत्तर शार्कमध्ये शोधू नका. इतरांना जे वजन हाडांत भरून लाखो वर्षांत कमवावे लागले, ते त्याच्या पाठीवर आयतेच होते.

आता हिशेब करू. १२० किलोंपैकी १८ किलो केवळ चिलखताचे आहेत असे समजा. हाडाची घनता पाण्याच्या दुप्पट धरली तर ते चिलखत नऊ लिटर जागा व्यापेल आणि नऊ किलोंहून किंचित अधिक समुद्राचे पाणी बाजूला सारेल. म्हणजे पाण्यात त्याचे निव्वळ ओझे पावणेनऊ किलोंच्या आसपास राहील. उरलेले शरीर पाण्याइतकेच जड मानू. फुफ्फुसांत सात लिटर हवा असेल तर ती सुमारे सात किलोंची उचल देईल, आणि पृष्ठभागाजवळ खडप्याला जेमतेम दीड किलो ओझे पायांनी पेलावे लागेल, जे सहज शक्य आहे. परंतु १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होऊन हवा निम्म्यावर येते आणि ओझे पाच किलोंवर जाते. २० मीटरवर हवा एकतृतीयांश उरते आणि ओझे सहा किलोंच्या पुढे सरकते. जितका खोल, तितका जड, आणि जितका जड, तितका वर येण्याचा खर्च अधिक. म्हणून १०० मीटरची बुडी पहिल्याच मसुद्यात खोडून टाका. खडप्या हा दहा-बारा मीटरच्या आतला, चालणारा प्राणी आहे; पोहणे ही त्याची केवळ वर येण्यापुरती गरज.

आणि आता उताणे होण्याबद्दल. पाण्यात स्थिर राहण्यासाठी जड भाग खाली आणि हवेचा भाग वर असावा लागतो. आपण सगळे वजन पाठीवर ठेवले आहे आणि फुफ्फुसे त्याच्या खाली, म्हणजे नेमके उलटे. ड्यूगाँग-मॅनाटी यांची फुफ्फुसे पाठीलगत लांबवर पसरलेली असून श्वासपटलही आपल्यासारखे आडवे छेदणारे नसून पाठीला जवळपास समांतर असते. त्यामुळे हवा वर आणि आतडी खाली, असा तोल सांभाळला जातो. खडप्यालाही तेच करावे लागेल, आणि शिवाय उरोस्थी (छातीच्या मधोमधचे हाड) व पायांची हाडे थॅलासॉक्नसप्रमाणे भरीव करावी लागतील. म्हणजे पाठीवरच्या वजनाला पोटाकडचे वजन उत्तर देईल.

एक जमेची बाजूही सांगतो. आर्माडिलोचे कवच त्वचेत घडते, बरगड्यांशी जोडलेले नसते. कासवाच्या बरगड्याच कवचात गुंतलेल्या असल्याने त्याला श्वासासाठी पोटाच्या व खांद्याच्या स्नायूंची वेगळी व्यवस्था करावी लागली. खडप्याला ती अडचण नाही. त्याची छाती कवचाखाली मोकळेपणाने फुगू शकते.

ओहोटी

अस्थिसंग्राहक यांच्या हिशेबाला माझी पुरवणी खाण्यापिण्याची. शिंपले दाढांनी फोडणे खडप्याला जमणार नाही. आर्माडिलोचे दात खुंट्यांसारखे साधे असतात, आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांवर इनॅमलचा थर नसतो. त्यांवर रोज शेकडो शिंपले फोडायचे म्हटले तर दात वाढण्यापेक्षा झिजण्याचाच वेग अधिक होईल. शिंपले फोडण्यासाठी सपाट, भक्कम दातांच्या फरश्या लागतात; ट्रायासिक काळातील प्लॅकोडॉन्ट या चिलखती सरीसृपांकडे त्या होत्या.

परंतु शिंपला खाण्यासाठी तो फोडलाच पाहिजे असे कोठे आहे? वॉलरस तो फोडत नाही. तो ओठांनी शिंपला पकडतो, जीभ दट्ट्यासारखी मागे खेचून तोंडात पोकळी निर्माण करतो आणि आतले मांस शोषून घेऊन रिकामी शिंपली तळावरच टाकून देतो. आपल्या कथेसाठी ही पद्धत अधिक सोयीची आहे, कारण खडप्याच्या पूर्वजाकडे दोन तयार हत्यारे आहेत: चिखल उकरणारी मजबूत नखे आणि लांब, कामसू जीभ. मात्र मुंग्या टिपणारी ती लांब जीभ आखूड आणि जाड व्हावी लागेल. बाहेर काढण्याची जीभ आत ओढण्याची होणे, हा बदल आपण कथेत एका वाक्यात दाखवलात तरी पुरे.

म्हणून पायांची वल्ही करण्याची घाई करू नये, असेही सुचवते. पुढच्या पायांची नखे शाबूत ठेवा, ती त्याची कुदळ आहे. बोटांमध्ये पडदा द्या आणि मागचे पाय रुंद करा. आपल्याकडे ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायका जशा पायाच्या अंगठ्याने आणि हाताने तळ चाचपत जातात, तसा खडप्या मिशांच्या राठ केसांनी तळ चाचपत जाईल. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग फारसा नाही.

राहता राहिली थंडी, आणि तेथे आपण नकळत योग्य जागा निवडली आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. आर्माडिलोच्या शरीराचे तापमान सस्तन प्राण्यांच्या मानाने कमी, सुमारे ३३ ते ३५ अंश असते आणि त्याचा चयापचयही मंद असतो. मंद चयापचयाचा मॅनाटीदेखील २० अंशांखालच्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. विषुववृत्ताजवळच्या मारान्यावचे पाणी वर्षभर उबदार असते, तेथे खरोखरचे मॅनाटीही राहतात, आणि चिलखताखाली बेताचा चरबीचा थर दिला की काम भागते. पेरूच्या थंड प्रवाहात मात्र त्याला नेऊ नका.

कुंपणावरचा

मी तज्ज्ञ नाही, केवळ शंकेखोर वाचक आहे. गुंडाळी करून पडून राहणारा प्राणी श्वास कधी घेणार? जमिनीवर गुंडाळी करणाऱ्याला वेळेचे बंधन नसते. शत्रू कंटाळून निघून जाईपर्यंत तो पडून राहू शकतो. पाण्याखाली मात्र वेळ शार्कच्या बाजूने आहे, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला आपल्या नायकाला स्वतःहून दार उघडावे लागेल.

दुसरे असे की, टायगर शार्कचे दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखे वाकडे व करवती असतात आणि तो समुद्री कासवांचे कवच कापून खातो, हे सर्वश्रुत आहे. मग चिलखताचा उपयोग तरी काय? आणि जाता जाता: देवमाशांचे पूर्वज चिलखती होते असे मी कोठेतरी वाचले होते. ते खरे असेल तर आपल्याला आर्माडिलोची गरजच नाही.

अस्थिसंग्राहक

आपली पहिली शंका मला पूर्णपणे मान्य आहे. तसेही संपूर्ण चेंडू होणे सगळ्या आर्माडिलोंना जमत नाही. ते केवळ तीनपट्टी आर्माडिलोंचे कौशल्य आहे. बाकीचे पळतात किंवा माती उकरून अंग जमिनीला घट्ट दाबून धरतात. खडप्यानेही तेच करावे. नखे तळात रोवून, पोट चिखलात दाबून तो बसला की शार्कपुढे उरते ती केवळ पाठ, आणि पाच-सहा किलोंचे ओझे या वेळी त्याच्या कामी येते. खरा धोका वर येताना आहे, कारण शार्क खालून येतो आणि आर्माडिलोचे पोट मऊ असते. म्हणून पाणी इतके उथळ हवे की मोठ्या शार्कला खाली शिरायला जागाच मिळू नये. मारान्यावच्या सात मीटरच्या भरतीत खडप्याचा दिनक्रम आपोआप ठरतो: भरतीच्या पाण्याबरोबर चिखलपट्ट्यांवर चढायचे, दोन-तीन मीटर पाण्यात चरायचे, आणि ओहोटीला खारफुटीच्या मुळांत, अर्धे अंग चिखलात ठेवून झोपायचे.

टायगर शार्क कवच कापतो हे खरे. पण कवचामुळे लहान शार्क, मगरी आणि अर्धवट वाढलेले टायगर शार्क दूर राहतात, आणि संरक्षणाचा हिशेब असाच टक्केवारीचा असतो. कासवेही याच हिशेबावर आजवर टिकून आहेत.

चिलखती देवमाशांची गोष्ट मात्र मोठी मजेची आहे. एकोणिसाव्या शतकात बॅसिलोसॉरससारख्या आदिम देवमाशांच्या अवशेषांजवळ हाडांच्या पट्टिका सापडल्या, आणि हे प्राणी चिलखती असावेत असे काही नामवंत संशोधकांनी मानले. या मताच्या समर्थनार्थ, पृष्ठपर (पाठीवरचा पर) नसलेल्या पोर्पॉइज या डॉल्फिनसारख्या लहान प्राण्याच्या पाठीवर जे बारीक कठीण उंचवटे असतात, ते जुन्या चिलखताचे शेष आहेत, असेही मांडले गेले. हा पोर्पॉइज आपल्या कोकण किनाऱ्यावरही आढळतो. मालवणकडच्या मच्छीमारांना तो अपरिचित नाही. पुढे त्या पट्टिका एका प्राचीन समुद्री कासवाच्या ठरल्या, म्हणजे मृत देवमासा आणि मृत कासव यांची एकाच तळावर गाठ पडली होती, इतकेच. ते कासव आजच्या लेदरबॅकच्या घराण्यातले होते. लेदरबॅकच्या पाठीवर अखंड ढालीऐवजी कातडीत जडवलेल्या हजारो लहान हाडांची नक्षी असते, तिच्याखाली चरबी असते, आणि तो एक हजार मीटरहून खोल बुडी मारतो. सागरगोटा यांना १०० मीटर खोलीचा मोह आवरत नसेल, तर अखंड पट्टिका सोडून ही मोडक्या फरशीसारखी पाठ त्यांनी खडप्याच्या एखाद्या चुलतभावाला द्यावी.

नवशिका

पाठीवर बार्नेकल बसणार नाहीत का? होडीच्या तळावर ते काही आठवड्यांतच जमतात आणि तासून काढावे लागतात, हे आमच्या घरी नेहमीचे आहे.

ओहोटी

बसतील, नक्कीच बसतील. कासवांच्या पाठीवर राहणारी बार्नेकलची एक जात मॅनाटींवरही आढळते, तेव्हा तिला खडप्या परका वाटणार नाही. वरचा केराटिनचा थर अधूनमधून सोलून टाकण्याची सोय त्याला द्या. किंवा तो खडपांना पाठ घासतो असे दाखवा. मला दुसरा पर्याय अधिक आवडेल, कारण पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेला एखादा खडक हे कथेसाठी चांगले स्थळ होईल.

पिल्लांबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून तेही सांगते. नऊपट्टी आर्माडिलोला एकाच फलित बीजापासून चार एकसारखी पिल्ले होतात. समुद्रात चार पिल्ले एकाच वेळी पृष्ठभागावर श्वासाला नेणे कोणत्याही आईला शक्य नाही. देवमासे, सील आणि समुद्रगायी यांना बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. म्हणून पूर्वज राक्षसी आर्माडिलोच्या जवळचा दाखवा, ज्याला सहसा एकच पिल्लू होते आणि ज्याचे वजन ५० किलोंपर्यंत जाऊ शकते. आकाराचाही प्रश्न त्यामुळे अर्धा सुटेल. जन्मतः आर्माडिलोचे कवच मऊ असते आणि पुढच्या काही आठवड्यांत ते कडक होते. प्रसूतीसाठी हे सोयीचेच आहे, परंतु मऊ कवचाचे पिल्लू हलकेही असते. म्हणजे ज्या वजनामुळे आई तळाशी राहते ते वजन पिल्लाकडे नसते, आणि ते बुचासारखे वर येत राहते. आई खाली चरते आहे आणि पिल्लू दोन मीटर वर पृष्ठभागावर तरंगते आहे, हे चित्र मला सारखे दिसते आहे.

सागरगोटा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवसांत माझ्या प्राण्याचे जवळपास सगळेच बदलले, आणि तरीही तो पूर्वीपेक्षा अधिक माझा वाटू लागला आहे. १०० मीटरची बुडी, दाढा आणि चेंडू या तिन्ही गोष्टी मी काढून टाकल्या आहेत. आता तो भरतीबरोबर चिखलपट्टीवर चढतो, मिशांनी तळ चाचपतो, नखांनी शिंपला उपसतो, मांस शोषून घेतो आणि दर चार-पाच मिनिटांनी मागच्या पायांनी तळाला रेटा देऊन सरळ वर येतो. श्वास घेतला की पुन्हा पोहत खाली जाण्याचे कष्ट नकोत. अंग सैल सोडले की दीड किलोंचे ते ओझे त्याला हळूहळू खाली नेते. हिशेबातून आलेली ही हालचाल मला कल्पनेने कधीच सुचली नसती.

ओहोटी यांनी सांगितलेल्या पिल्लाभोवतीच आता कथा फिरेल असे दिसते. आई चरत असताना पिल्लू वर एकटे राहते, हाच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ असणार. पिल्लाला तळाशी ठेवण्यासाठी आईने त्याला मिठीत धरून खाली न्यावे, की पिल्लानेच लहान गोटे गिळून वजन वाढवावे, यांत मी अडलो आहे. समुद्रसिंह दगड गिळतात असे वाचले आहे, परंतु दूध पिणाऱ्या पिल्लाने दगड गिळणे मला पटत नाही.

अस्थिसंग्राहक

मलाही पटत नाही. मिठीही नको, आईची पुढची नखे मोकळी हवीत. पिल्लाला तरंगू द्या, पण खारफुटीच्या मुळांच्या आत, जेथे पाणी गुडघाभर असते आणि शार्कला येता येत नाही. मग आईला प्रत्येक भरतीला ठरवावे लागेल की चरण्यासाठी किती दूर जायचे, कारण पाणी जसे चढते तसे मुळांतल्या त्या जागेचे रक्षणही कमी होत जाते. सात मीटरच्या भरतीत तो वेळ फार मोठा नसतो.